उकिरडा ते पिंप : आपल्या खताची जुनी गोष्ट

 

हल्ली गटाची सभा संपली, बचतीचे पैसे मोजून झाले, की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ते पिंपातलं खत आपणही करायचं का?" कुणी त्याला जीवामृत म्हणतं, कुणी कंपोस्टचं पाणी, तर कुणी नुसतंच जीवाणू खत. दोनशे लिटरचं पिंप, पाणी, कुजलेलं खत किंवा शेण, थोडा गूळ आणि ढवळायला काठी, एवढंच सामान. दोन-तीन दिवसांत खत तयार.

कृती मी सांगणारच आहे. पण आजचं भाषण मुख्यतः इतिहासाचं आहे. हे खत नवं म्हणून आपल्या दारात आलं आहे, ते खरं नवं नाही. खत कसं करायचं हे आपल्या आयांना, आज्यांना ठाऊक होतं. मधल्या काळात ते गोणीत गेलं आणि आता पिंपातून परत येत आहे. परत येताना ते कुणाच्या हातात येणार, हा माझ्या मते आपल्या गटांपुढचा खरा प्रश्न आहे.

जुन्या पोथीतलं पाणी

झाडाला पातळ खत घालणं ही कल्पना आपल्या देशात किमान हजार वर्षांची आहे. सुरपाल नावाच्या लेखकाने संस्कृतात 'वृक्षायुर्वेद' नावाचा ग्रंथ लिहिला. तो दहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्याची हस्तलिखित प्रत इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपलेली होती. नलिनी साधले यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाईच्या अभ्यासामुळे ही पोथी आजच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचली, हे आपण लक्षात ठेवू.

त्या ग्रंथात 'कुणपजल' आहे. कुणप म्हणजे प्रेत. प्राण्यांचं मांस, चरबी, हाडांमधला मगज पाण्यात शिजवायचा, त्यात तिळाची पेंड, उडीद, दूध, मध, तूप असं घालून ते मिश्रण भांड्यात आंबवायचं आणि झाडांच्या मुळाशी ओतायचं. वाचताना नाक मुरडावंसं वाटेल. पण मुद्दा बघा. वस्तू कुजवायची, आंबवायची, पातळ करायची आणि मुळाशी द्यायची. आजच्या पिंपाचं तत्त्व हेच आहे. त्या काळी जीवाणू हा शब्द कुणाला माहीत नव्हता, पण आंबवल्याने काय होतं ते माहीत होतं. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या बाईला तरी जीवाणूचं नाव कुठे लागतं?

अर्थात तूप, मध, दूध मुळाशी ओतणं राजाच्या बागेला परवडणार. आपल्या भागातल्या कष्टकऱ्याचं खत वेगळं होतं.

राब आणि उकिरडा

आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. उन्हाळ्यात ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या तोडायच्या, पाला, गवत, शेण वाहून आणायचं, रोपाच्या जागेवर थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. पहिला पाऊस पडला की त्या राखेत भाताचं बी टाकायचं. फांद्या तोडायला पुरुष झाडावर चढत, पण भारे आणि शेणाच्या पाट्या डोक्यावरून आणायचं काम बहुतेक बायकांचं. आजही ज्या पाड्यांवर राब भाजतात तिथे हेच दिसतं.

राबामुळे रोप जोमाने येतं ते नुसत्या राखेमुळे नव्हे. माती तापली की तणाचं बी मरतं. मातीतले काही सूक्ष्म जीवही मरतात. मग पहिली ओल मिळाली की उरलेले जीवाणू झपाट्याने वाढतात आणि रोपाला नत्र मोकळं करून देतात. म्हणजे राब हाही जीवाणूंचाच खेळ आहे. त्याचा तोटाही आहे. जो पाला कुजून जमिनीत गेला असता, त्यातला मोठा भाग धूर होऊन जातो.

हा राब इंग्रज सरकारच्या डोळ्यांवर आला. १८७८ मध्ये जंगलाचा कायदा झाला. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. जंगल राखीव होऊ लागलं, फांद्या तोडायला बंदी येऊ लागली, आणि राबाला पाला आणायचा कुठून, असा प्रश्न ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. तो १९१२ मध्ये छापला गेला. आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर वाहिलेल्या पाल्यावर सरकारने आयोग नेमला आणि शास्त्रज्ञांनी पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं नाव मात्र कुठे लागलं नाही.

दुसरं खत उकिरड्याचं. गोठ्यातलं शेण, चुलीची राख, केर, उष्टंखरकटं, जनावरांच्या पायाखालचा पेंढा, सगळं एका खड्ड्यात. पावसाआधी ते शेतात जाई. रोज सकाळी गोठा झाडणारी बाई या खताची कारखानदार होती. फक्त तिला कारखानदार कुणी म्हटलं नाही आणि तिची मजुरी कोणत्याही वहीत चढली नाही.

फुल्यांनी काय सांगितलं

१८८३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी खताबद्दल फार नेमकी गोष्ट मांडली आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, शेण, मेलेल्या किड्यामुंग्यांचं आणि जनावरांचं कुजलेलं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खाली शेतात येतं आणि जमीन सुपीक करतं. हे सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून बंधारे घालावेत, पाणी जमिनीत मुरवावं, आणि त्या कामाला सरकारने आपले शिपाई लावावेत, असं ते सांगतात. जंगल खात्याने शेतकऱ्याचा कसा कोंडमारा केला, तेही ते लिहितात.

म्हणजे पाण्याबरोबर वाहणारं, कुजलेल्या वस्तूंचं पातळ खत फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे शेतकऱ्याचं धन होतं. आणि धन म्हटलं की ते कुणाचं, हा प्रश्न आलाच.

ज्याची जमीन त्याचं खत

आपल्या भागात तर हा प्रश्न फार कडू होता. वारली आणि इतर आदिवासी ज्या जमिनीत राबत ती जमीन सावकार-जमीनदारांच्या नावावर. वेठीवर जायचं, त्यांच्या शेतात फुकट राबायचं. खताचा गुण एका पावसात संपत नाही, तो तीन-चार वर्षं जमिनीत राहतो. पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नसेल, तर पाट्या भरभरून खत कोण टाकेल?

१९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मग उंबरगाव तालुक्यात झरीला वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर या लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. वेठ मोडली. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारा कागदावर मालक होऊ लागला. त्यानंतर २००६ च्या वनहक्क कायद्याने एक चांगली गोष्ट केली. लग्न झालेल्या जोडप्याला मिळणारा वनपट्टा नवरा आणि बायको या दोघांच्या नावाने द्यायचा, असं त्या कायद्यातच लिहिलं आहे. ज्या ताईंच्या घरी असा पट्टा आहे त्यांनी तो काढून बघावा, आपलं नाव आहे ना याची खात्री करावी. खताच्या भाषणात ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. ज्या जमिनीवर आपलं नाव आहे, त्या जमिनीत मुरवलेलं खत ही आपलीच बचत असते.

इंदूरचा ढीग

आता थोडं जगाकडे बघू. १८४० मध्ये जर्मनीच्या लीबिग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लिहिलं की झाडाला क्षार लागतात, ते बाहेरून देता येतात. पुढे १९०९ मध्ये हाबर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतलं नत्र पकडायची युक्ती शोधली आणि १९१३ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. युरियाच्या गोणीचं मूळ तिथे आहे. त्याच काळात दुसरे शास्त्रज्ञ दाखवत होते की उडीद, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हेच काम कारखान्याविना करतात. एकाच वेळी दोन वाटा उघडल्या होत्या. जगाने मोठ्या रस्त्याने जायचं ठरवलं, तो कारखान्याचा.

दुसऱ्या वाटेवर आपलं इंदूर आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ मध्ये एक संशोधन संस्था सुरू झाली. तिथे आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड काम करत. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९०५ मध्ये मुंबईत त्यांचं लग्न झालं आणि पुढची पंचवीस वर्षं दोघांनी भारतात संशोधन केलं. १९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं शेतातल्या टाकाऊ वस्तूंवरचं पुस्तक निघालं. त्यातली पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. नाव गाजलं ते हॉवर्डचं. वाडांचं नाव थोड्यांना माहीत आहे आणि गॅब्रिएलचं त्याहून थोड्यांना.

इंदूर पद्धतीत काय होतं? जनावरांच्या पायाखाली काडीकचरा पसरायचा, त्यावर त्यांचं मूत्र मुरू द्यायचं. मूत्राने भिजलेली माती, शेण, राख आणि कचरा यांचे थर लावायचे. ओल राखायची, ढीग ठरलेल्या वेळी वरखाली करायचा, हवा खेळती ठेवायची. तीन महिन्यांत खत तयार. आपल्या उकिरड्यातलीच सामग्री, पण थर, ओल आणि हवा यांची शिस्त लावलेली. आपण शिकायची गोष्ट ही शिस्तच आहे. हवा नसली की ढीग सडतो आणि घाण मारतो. हवा मिळाली की तो कुजून काळा, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास देतो.

गोणी आली

१९६५ मध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, सरकारी खत कारखाना सुरू झाला. १९७८ पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नावाने चालतो. 'सुफला' ही त्याचीच गोणी. रिकामी झाली की तिच्यात धान्य भरलं नाही किंवा पावसात ती डोक्यावर घेतली नाही, असं घर आपल्याकडे क्वचितच असेल. त्याच दशकात भाताच्या बुटक्या, जास्त पिकणाऱ्या जाती आल्या. त्या नत्राच्या भुकेल्या होत्या.

गोणीने उत्पादन वाढवलं, देशाची धान्याची टंचाई कमी झाली, हे खरं आहे आणि ते नाकारू नये. पण गोणीबरोबर तीन गोष्टी घडल्या. पहिली, खत विकत घ्यायची वस्तू झाली. त्यामुळे खताचा निर्णय बाजारात जाणाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक घरी पुरुषाकडे गेला. दुसरी, उकिरड्याची किंमत गेली. 'शेण काढायचं काम' म्हणजे हलकं काम ठरलं. तिसरी, गुरं कमी झाली आणि जमिनीत कुजकं खत जाणं घटलं. नुसत्या गोणीवर वाढलेली जमीन कडक होते, पाणी धरत नाही.

परतीची वाट

गोणीला नको म्हणणारी माणसं आपल्या आसपासच निघाली. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून, उंबरगावजवळच्या देहरी गावात भास्करभाई सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. सावे १९२२ मध्ये जन्मले आणि २०१५ मध्ये गेले. ते आधी शाळेत शिक्षक होते. सुरुवातीला रासायनिक खतं स्वतः वापरत आणि त्यांचा प्रसारही करत. मग खर्च आणि जमीन यांचा हिशेब जुळेना, म्हणून त्यांनी वाट बदलली. त्यांच्या चिकू-नारळाच्या वाडीत भर होता तो पालापाचोळ्याच्या थरावर आणि गांडुळांवर.

विदर्भात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांची हवेशीर टाकी बांधून खत करायची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी टाकी, भिंतींना भोकं. तिची हुशारी ही, की शंभर किलोच्या आसपास शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा आणि त्यावर माती घालून तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत होतं. ज्यांच्या दारात एकच गाय आहे त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी जीवामृत गावोगाव नेलं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, असा त्यांचा दावा आहे. सगळे शास्त्रज्ञ तो मानत नाहीत. पण त्यांच्या पद्धतीचे चार खांब आहेत: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. लोकांनी जीवामृत तेवढं उचललं आणि आच्छादन बांधावरच राहिलं. तिथेच गणित चुकतं. कसं ते सांगते.

विरजण आणि दूध

दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालतात. या सगळ्यात मिळून नत्र भरतं पाव किलोच्या आसपास. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत असतं वीस-एकवीस किलो. सुधारित भाताला एकरी चाळीस किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते. मग पिंपातलं पाणी भाताचं पोट कसं भरणार?

ते पोट भरायला नसतंच, मैत्रिणींनो. ते विरजण आहे. चमचाभर विरजणाने भांडंभर दही होतं, पण भांड्यात दूध असेल तर. रिकाम्या भांड्यात चमचाभर विरजण टाकून दही लागेल का? शेतातलं दूध म्हणजे शेणखत, कंपोस्ट, पाला, पेंढा, हिरवळीचं खत. जीवाणू ते खाऊन पिकाला अन्न मोकळं करतात. दूध आधी, विरजण मग.

कंपोस्टचं पाणी करायचं तर पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत पाच ते आठ किलो घ्यावं, गोणपाटात किंवा जुन्या सुती कापडात सैल बांधावं आणि पाणी भरलेल्या दोनशे लिटरच्या पिंपात सोडावं. नळाचं पाणी असेल तर ते एक दिवस उघडं ठेवावं म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, नाहीतर ज्यांना वाढवायचं तेच जीवाणू मरतात. पिंप सावलीत ठेवावं. काठीने दिवसातून तीन-चार वेळा जोरात ढवळावं, कारण हवा घालायची आहे. वीज असेल तर मासे पाळायच्या काचपेटीचा छोटा पंपही चालतो. एक-दोन दिवसांत ते वापरून टाकावं. गाळावं, पाण्यात पातळ करावं आणि संध्याकाळच्या वेळी ओलसर मातीत, मुळाशी द्यावं. मातीचा वास आला तर चांगलं. नासल्याचा वास आला तर पिकाला देऊ नका, उकिरड्यावर ओता.

आता सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेत २००४ मध्ये सेंद्रिय शेतीच्या मंडळाने नेमलेल्या एका गटाने कंपोस्टच्या पाण्याबद्दल अहवाल दिला. त्यात इशारा आहे की गूळ-मळीसारखं गोड घातलं की चांगल्या जीवाणूंबरोबर पोट बिघडवणारे जीवाणूही वाढू शकतात. कच्च्या शेणात तर ते असतातच. म्हणून मेथी, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, काकडी अशा कच्च्या किंवा पटकन खायच्या भाजीवर शेणाचं किंवा गुळाचं पाणी फवारू नका. ते मातीत द्या, तेही काढणीच्या बरंच आधी. हात साबणाने धुवा. ही भाजी आपलीच मुलं खाणार आहेत.

बोईसरचं पाणी

बोईसर-तारापूरच्या ताईंसाठी एक वेगळी गोष्ट. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, बाजूला औद्योगिक वसाहत वाढली. रोजगार आला, खोल्या भाड्याने गेल्या, बाजार वाढला. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मोजमाप केलं तेव्हा सर्वांत जास्त प्रदूषित म्हणून तारापूरचंच नाव वर आलं. खाडीत आणि समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाजाने हरित लवादापर्यंत धाव घेतली.

पिंपात आपण सर्वांत जास्त ओततो ते पाणी. नाल्याचं, रंग किंवा वास असलेल्या विहिरीचं पाणी पिंपात घालू नका. जीवाणू जड धातू खाऊन संपवत नाहीत, ते मातीत आणि भाजीत उतरतात. कारखान्याचा गाळ, राख किंवा 'फुकट खत' म्हणून कुणी ट्रक रिकामा करायला आला तर दारातच नाही म्हणा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. विहिरीचं पाणी वापरायचं असेल तर गटाच्या नावाने एकदा तपासून घ्या. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे. माती आणि पाणी कुठे आणि कसं तपासायचं ते तिथे विचारता येतं.

पिंप कुणाचं?

आता शेवटचा मुद्दा. पिंपातलं खत बाटलीत भरून विकणारे आले आहेत. आमच्या भागात एका विक्रेत्याने गटांना चकचकीत लेबल लावलेल्या बाटल्या दिल्या. त्यावर ना कोणता जीवाणू ते लिहिलेलं, ना किती, ना कधीपर्यंत चालेल ते. मैत्रिणींनो, २००६ पासून जीवाणू खतं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जीवाणू अशा नावाने जे विकलं जातं त्याला ठरलेला दर्जा लागतो. विकत घेताना जीवाणूचं नाव, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. आणि आपल्या गटाला स्वतःच्या शेताबाहेर बाटल्या विकायच्या असतील तर आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात नियम विचारा.

२५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. त्यात देशभर दहा हजार जैव निविष्ठा केंद्रं उभी करायची आहेत आणि गावात सांगायला कृषी सखी असणार आहेत. म्हणजे शेणाला पुन्हा भाव येणार. असा भाव आला की काम पुरुषांच्या नावावर आणि मेहनत बायकांच्या अंगावर, हे आपण पूर्वी पाहिलं आहे. राबाचं तेच झालं, उकिरड्याचं तेच झालं, इंदूरलाही काही वेगळं झालं नाही. या वेळी वही आपल्याकडे ठेवू या.

त्या वहीत चार रकाने आखा. पहिल्यात कुणी किती तास काम केलं. दुसऱ्यात गूळ, बेसन, पिंप, वाहतूक यांचा खर्च. तिसऱ्यात पाणी आणि कंपोस्ट कुठून आणलं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वाफ्यातल्या निम्म्या सऱ्यांना कंपोस्ट आणि पिंपाचं पाणी द्या, निम्म्यांना नुसतं कंपोस्ट. दोन्हीकडची मिरची, वांगी वेगवेगळी तोला आणि आकडे लिहा. फरक पडला तर गटाने पिंप वाढवावं. फरक दिसला नाही तर गुळा-बेसनाचे पैसे वाचवून कंपोस्टचा ढीग मोठा करावा. कुणी कितीही मोठ्या आवाजात सांगो, आपल्या वाफ्यातला तोललेला आकडा आपल्याला पुरे आहे.

गोणी एकदम बंद करा असंही मी म्हणणार नाही. ज्या जमिनीत वर्षानुवर्षं कुजकं खत गेलेलं नाही, तिथे पहिल्याच वर्षी युरिया तोडला तर भात मार खाईल आणि घरात धान्य कमी येईल. माती तपासा, कंपोस्ट वाढवा, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला खाचरात टाका, भातानंतर ओलीवर वाल किंवा हरभरा घ्या, आणि त्या प्रमाणात गोणी कमी करत जा.

येत्या सभेत प्रत्येक गटाने एवढंच ठरवावं: ढीग कुणाच्या परसात घालायचा, पाणी कुठलं घ्यायचं, वही कोण लिहिणार आणि चाचणीचा वाफा कोणता. पहिल्या पिकाचे आकडे आले की आम्हाला कळवा. चांगले आले तरी, नाही आले तरी. ते आपण याच कार्यक्रमात वाचून दाखवू, आणि या वेळी ते काम करणाऱ्या बायकांच्या गटाच्या नावानेच वाचू.